आदिवासींवरची पुस्तकं सापडतात, आदिवासींनी लिहिलेली शोधावी लागतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मराठी माणूस सध्या काय वाचतो, यावर आपल्या रविवार पुरवणीत पानभर लेख आला होता. अनुवादित पुस्तकांना किती उठाव आहे, कोणती इंग्रजी पुस्तकं मराठीत आली की हातोहात जातात, हे सगळं त्यात होतं. शेवटी लेखकमहाशयांनी ‘वाङ्मयीन नियतकालिकांचा काळ संपला’ असा एका ओळीत निकाल लावला. त्या ओळीबद्दल आणि अनुवादांच्या त्या यादीबद्दल मला चार शब्द लिहायचे आहेत. चाराचे चाळीस झाले तर सांभाळून घ्या.

मी सरकारी आरोग्यसेवेत परिचारिका होते. नोकरीचा मोठा काळ नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा आणि पेठ या आदिवासी तालुक्यांत गेला. आता सिडकोत मुलाकडे असते. साहित्याचं शिक्षण म्हणाल तर शून्य. वाचायची सवय लागली ती उपकेंद्राच्या खोलीत, कारण संध्याकाळची शेवटची गाडी गेली की तिथे दुसरं काही करण्यासारखं नसायचं. आणि वाचायला मिळायची ती मासिकं. पुस्तक विकत घ्यायचं तर नाशिकला यायला हवं. मासिकाची वर्गणी एकदा मनीऑर्डरने भरली की वर्षभर पोस्टमन आणून देतो. पावसाळ्यात अंक ओला होऊन यायचा, पानं एकमेकांना चिकटलेली असायची. तव्यावर हलकेच शेकून मी ती सोडवत असे.

म्हणून नियतकालिकं संपली असं कुणी म्हटलं की मला राग येतो. काही बंद पडली, काहींचे अंक दोन-दोन महिने उशिरा येतात, हे खरं. पण ज्यांना ती मिळतच नाहीत त्यांच्यासाठी ती संपली, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. आमच्या भागातला रद्दीवाला पुस्तकं वेगळी काढून ठेवतो, दिवाळी अंकही ठेवतो. वाङ्मयीन मासिकं मात्र वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात टाकतो. ‘त्याला गिऱ्हाईक नाही, ताई.’ मी गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर आता बाजूला ठेवतो. ‘अस्मितादर्श’चे जुने अंक मला तिथे मिळाले, ‘अनुष्टुभ्’चे मिळाले, धुळ्याहून पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ साली सुरू केलेल्या ‘कविता-रती’चे मिळाले. फक्त परभाषांतलं साहित्य थेट मूळ भाषेतून मराठीत आणणारं ‘केल्याने भाषांतर’ नावाचं नियतकालिक पुण्यातून निघतं, हेही मला एका रद्दीतल्या अंकानेच कळवलं. जर्मन, रशियन, जपानी कथा इंग्रजीला वळसा घालून मराठीत येतात, हे मला त्याआधी ठाऊक नव्हतं.

या अंकांत मी सगळ्यात आधी कोणतं पान उघडते सांगू? शेवटून दुसरं किंवा तिसरं. तिथे बारीक टायपात ‘साभार पोच’ असते. संपादकाकडे आलेल्या पुस्तकांची ती नुसती यादी: नाव, लेखक, प्रकाशकाचा पत्ता, पानं, किंमत. परीक्षण नाही, स्तुती नाही, मुखपृष्ठाचा फोटो नाही. ज्या पुस्तकाला वर्तमानपत्रात ओळ मिळणार नाही, दुकानाच्या दर्शनी फळीवर जागा मिळणार नाही, ते इथे हजर असतं. ‘तळोदा’, ‘अकोले’, ‘किनवट’ असे पत्ते मी पुस्तकांखाली पहिल्यांदा पाहिले ते याच पानांवर. वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’, भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’, विनायक तुमराम यांचा ‘गोंडवन पेटले आहे’ हे कवितासंग्रह, नजुबाई गावित यांची ‘तृष्णा’ ही नावं माझ्या वहीत अशीच जमत गेली. आदिवासी लेखकमंडळी ‘फडकी’ नावाचं मासिक चालवतात, ही नोंदही त्याच वहीत आहे.

आता वही घेऊन वाचनालयात गेल्यावर काय होतं ते ऐका.

शहरातल्या एका वाचनालयात (नाव लिहीत नाही, तिथली माणसं सज्जन आहेत) मी ‘तृष्णा’ मागितली. मावची समाजातल्या, चळवळीत आयुष्य घातलेल्या बाईने आपल्या लहानपणावरून लिहिलेली कादंबरी. कादंबऱ्यांच्या कपाटात नव्हती. आत्मचरित्रांत नव्हती. शेवटी सापडली समाजशास्त्राच्या फळीवर, एका बाजूला आदिवासी विकासाचा कसलासा अहवाल, दुसऱ्या बाजूला वनहक्क कायद्याचं मार्गदर्शक. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर आकडा होता ३०५ चा. ग्रंथालयांच्या दशांश वर्गीकरणात ३०५ म्हणजे सामाजिक गट. ३९८ म्हणजे लोकसाहित्य, लोककथा. आणि मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. पांढरपेशा माणसाने आपल्या बालपणावर कादंबरी लिहिली तर ती ८९१.४६ मध्ये जाते. आदिवासी बाईने लिहिली तर ३०५ मध्ये. कवितांचंही तेच. एक कवितासंग्रह मला ३९८ मध्ये मिळाला, कोंबड्याच्या आणि कोल्ह्याच्या गोष्टींशेजारी. कवीचं नाव मुखपृष्ठावर ठसठशीत छापलेलं असताना!

मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, ‘मॅडम, आदिवासी विषय आहे ना तो.’ त्याचा काही दोष नाही. त्याला तसंच शिकवलं गेलं असणार. पण याचा परिणाम काय होतो? कादंबरी वाचणारा वाचक कादंबऱ्यांच्या कपाटापाशी उभा राहतो, त्याला ती दिसतच नाही. समाजशास्त्राच्या फळीपाशी येतात स्पर्धा परीक्षेची मुलं. त्यांना जमातींची नावं आणि टक्केवारी हवी असते, ‘तृष्णा’ नको असते. पुस्तक वाचनालयात असूनही नसल्यासारखं. देवघेवीच्या कागदावर शिक्के अगदीच थोडे होते, आणि पुस्तक काही कालचं नव्हतं.

वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता पुष्कळांना ठाऊक आहे. आम्हाला व्यासपीठावर बोलावलंच नाही, खाली बसवलं, आणि वर उभे राहून ते आमचीच दुःखं आम्हाला सांगत राहिले, असा तिचा आशय. वाचनालयातला सगळा कारभार त्या कवितेबरहुकूम चाललेला आहे, असं मला त्या दिवशी वाटलं.

गैरसमज नको. बाहेरच्यांनी लिहिलेलं कमअस्सल, असं मी म्हणत नाही. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मी किती जणींना वाचायला लावलं आहे. १९७० चं पुस्तक, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार, आणि ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या उठावाचं त्यातलं वर्णन आजही अंगावर येतं. डॉ. गोविंद गारे यांनी तर जन्मभर अभ्यास केला आणि ते स्वतः महादेव कोळी समाजातले. त्यांची पुस्तकं ३०५ मध्ये असली तर ती तिथेच शोभतात. माझं म्हणणं एवढंच, की कविता कवितेत ठेवा आणि कादंबरी कादंबरीत.

अनुवादांचंही असंच आहे. आपल्या लेखातल्या यादीत एकही पुस्तक इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून आलेलं नव्हतं. यश कसं मिळवावं, पैसा कसा वाढवावा, सकाळी लवकर कसं उठावं. (पहाटे तीनला बाळंतपणं केलेल्या बाईला हे शेवटचं पुस्तक नातेवाइकांनी वाढदिवसाला दिलं, हे जाता जाता सांगते.) आणि आदिवासी जीवनावरचे अनुवाद म्हटले की महाश्वेतादेवींच्या बिरसावरच्या ‘अरण्येर अधिकार’पाशी आणि फार तर ओडियातल्या गोपीनाथ महांतींपाशी आपण थांबतो. दोघंही थोर. दोघंही बाहेरून पाहणारे.

झारखंडमधल्या दुमक्याच्या संथाळी कवयित्री निर्मला पुतुल मला एका अनियतकालिकात भेटल्या. संथाळीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत आलेल्या दोन-तीन कविता आणि खाली कवयित्रीचा परिचय. त्यात लिहिलं होतं, नर्सिंगचा डिप्लोमा. मी ती ओळ पुन्हा वाचली. हिंदीतला त्यांचा ‘नगाड़े की तरह बजते शब्द’ हा संग्रह मग मी मागवून घेतला. त्या कवितांतल्या बाया जमिनीवर बसून चटया विणतात, त्यांच्या पत्रावळींवर हजारोंची पोटं भरतात आणि त्यांचं स्वतःचं भरत नाही. मी त्यांना ओळखते. त्या आमच्या बोरगावच्या बाजारातही असतात. मराठी कवितेत मला त्या इतक्या जवळून दिसल्या नव्हत्या, आणि ज्या मराठी कवींनी त्या दाखवल्या ते ३९८ मध्ये बसले होते.

संथाळी २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत, म्हणजे राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत आली, तिला २००५ पासून साहित्य अकादमीचा वार्षिक पुरस्कार मिळतो, त्यामुळे तिच्यातून इतर भाषांत पुस्तकं जाण्याची वाट तरी तयार झाली. २०११ च्या जनगणनेत संथाळी बोलणारे सुमारे ७४ लाख. भिली-भिलोडी बोलणारे त्याच जनगणनेत १ कोटी ४ लाख, आणि ती भाषा अनुसूचीत नाही. गोंडी नाही, आदिवासींची कोकणा नाही. अकादमी अशा भाषांसाठी भाषा सन्मान देते. पण तो अधूनमधून, दरवर्षी प्रत्येक भाषेला नाही. तेव्हा भिलीतून मराठीत काय आलं हे बघायचं असेल तर वाट पुन्हा लहान नियतकालिकांचीच. बडोद्याच्या ‘भाषा’ संस्थेने ‘ढोल’ हे नियतकालिक आदिवासी भाषांत काढलं. गुजरातेत भगवानदास पटेलांनी खेडब्रह्मा भागातल्या डुंगरी भिलांचं मौखिक महाभारत, ‘भीलोनुं भारथ’, ध्वनिमुद्रित करून ग्रंथरूप केलं. सुरगाण्याची हद्द ओलांडली की गुजरातचा डांग जिल्हा. तिथून हे सगळं फार लांब नाही. पण आपल्याकडे सीमेवरून गुजरातला मजूर जातात, पुस्तकं येत नाहीत.

सुरगाण्यातली एक रात्र मला सांगायलाच हवी. एका पाड्यावर अडलेल्या बाईसाठी गेले होते. कळा थांबल्या होत्या, वाट बघण्याशिवाय इलाज नव्हता. दोन घरं पलीकडे कुणाच्या तरी दिवसांचा विधी चालला होता आणि एक म्हातारा थाळीवर गात होता. काशाची थाळी, मधोमध मेणाचा गोळा, त्या मेणात एक बारीक काडी उभी रोवलेली. काडी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून वरून खाली, वरून खाली अशी बोटं ओढत राहायची. ठोकायचं नाही, वाजवायचं नाही. नुसत्या घर्षणाने थाळी घुमते. घुमण्याचा तो सूर एकदा लागला की तुटत नाही, आणि त्यावर तो कणसरीची, धान्याच्या देवीची, कथा सांगत होता. शेजारी बसलेला माणूस ओळीतले शेवटचे शब्द उचलून धरी. मी बाईची नाडी बघून यावं आणि पुन्हा दारात उभं राहावं, असं चाललं होतं. उजाडेपर्यंत कथा संपली नव्हती. बाळ मात्र आलं. सोबतच्या एका शहरी कर्मचाऱ्याने विचारलं, ‘रात्रभर भजन होतं का हो?’

पुढे एका मासिकात जपानच्या मूलनिवासी ऐनू लोकांवरचा लेख वाचताना ही रात्र मला आठवली. चिरी युकिए नावाची ऐनू मुलगी. आजीच्या आणि मावशीच्या तोंडून ऐकलेली देवांची गाणी तिने रोमन अक्षरांत ऐनू भाषेत उतरवली आणि समोरासमोर त्यांचं जपानी भाषांतर केलं. तेरा गाणी. पहिल्या गाण्यात घुबडदेव स्वतःच बोलतो, ‘मी’ म्हणून. ऐनू भाषेला लिहिण्याची परंपरा नव्हती, शाळांतून जपानीच शिकवली जात होती. युकिएला हृदयाचा विकार होता. टोकियोत एका भाषाशास्त्रज्ञाच्या घरी राहून तिने पुस्तकाची मुद्रितं तपासली आणि १८ सप्टेंबर १९२२ च्या रात्री ती गेली. वय १९. पुस्तक पुढच्या वर्षी, १९२३ साली निघालं, ते आजतागायत जपानमध्ये वाचलं जातं. लेखात ते ‘साहित्य’ म्हणून आलं होतं, हे मुद्दाम नोंदवते. जमातीची माहिती म्हणून नव्हे.

थाळीवरच्या त्या म्हाताऱ्याचं काय झालं, विचारू नका. पण त्याच्या पाड्यावरच्या मुली आता शिकल्या आहेत, काही नाशकात वसतिगृहात राहतात. त्यांच्यापैकी एखादीच्या हाती युकिएचं पुस्तक मराठीत पडावं, एवढी माझी इच्छा आहे. तशीच ऑस्ट्रेलियातल्या वान्यी समाजाच्या अलेक्सिस राइट यांची ‘कार्पेंटारिया’ किंवा न्यूझीलंडच्या माओरी लेखिका पॅट्रिशिया ग्रेस यांची ‘पोटिकी’. कॉलेज रोडवरच्या चकचकीत दुकानात मी ही नावं चिठ्ठीवर लिहून नेली. विक्रेत्या मुलीने संगणकात बघितलं आणि इंग्रजी प्रत मागवता येईल म्हणाली. किंमत ऐकून मी चिठ्ठी पर्समध्ये परत ठेवली.

नाशिकमध्ये हे सगळं लिहायचं कारण असं. जिल्ह्याच्या लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेनुसार चारातला एक माणूस आदिवासी आहे. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय याच शहरात, गडकरी चौकात आहे. मार्च २०१८ मध्ये शेतकऱ्यांचा लाँग मार्च इथूनच मुंबईला चालत गेला. त्यात सुरगाणा-पेठ-दिंडोरीची किती माणसं होती ते मी सांगायला नको. त्यांच्या सोललेल्या तळपायांचे फोटो देशभर छापून आले, आपल्याही पहिल्या पानावर आले होते. त्या पायांची मलमपट्टी करणाऱ्यांत माझ्या ओळखीच्या परिचारिका होत्या. दरवर्षी ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, शहरातून मिरवणुका निघतात, तारपा आणि पावरी वाजते, वाहतूक कोंडीची बातमी येते. संयुक्त राष्ट्रांनी २०२२ ते २०३२ हे दशक मूलनिवासींच्या भाषांसाठी दिलं आहे, त्याचाही उल्लेख भाषणांत होतो. मग एखाद्या ९ ऑगस्टला वाहतुकीच्या बातमीशेजारी एक कविता छापायला काय हरकत आहे?

साधनं या शहरात आहेत. १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना आहे, तिच्या पुस्तकपेट्या परदेशांतल्या मराठी मंडळांपर्यंत पोचल्या. अशी एखादी पेटी केवळ आदिवासी लेखकांच्या आणि भारतीय भाषांतून आलेल्या अनुवादांच्या पुस्तकांची करून ती आयुक्तालयाच्या आवारात ठेवावी. दाखल्यांसाठी, शिष्यवृत्तीसाठी मुलं तिथे तासन्‌तास बसलेली असतात. दारात भरतीच्या मार्गदर्शिका मिळतात. ‘उलगुलान’ही मिळू द्या.

अनुदानित वाचनालयं दिवाळी अंकांची खास वर्गणी घेतात, चाळीस-पन्नास अंक हौसेने मागवतात. त्यातल्या दोन-चार जाडजूड अंकांच्या पैशांत एखाद्या त्रैमासिकाची वर्षाची वर्गणी निघते. आणि आलेले अंक वर्षअखेर रद्दीत न घालता बांधून ठेवावेत, आतल्या लेख-कवितांची साधी हस्तलिखित सूची पुठ्ठ्याला चिकटवावी. निवृत्त माणसं हे काम फुकट करतील. मी करीन. अरुण जाखडे यांनी संपादित केलेला भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड (पद्मगंधा, २०१३) बहुतेक ठिकाणी ‘संदर्भ’ म्हणून कुलुपात असतो. कोकणा, वारली, मावची, पावरी, ठाकरी, कातकरी या भाषांतली गाणी आणि गोष्टी त्यात मराठी अर्थासकट आहेत. त्याची एक प्रत घरी न्यायला द्या. फाटली तर फाटली.

आणि एक विनंती आपल्याला. पुरवणीत महिन्यातून एकदा, कोपऱ्यात का होईना, ‘साभार पोच’ सुरू करा. कोणतं नियतकालिक निघालं, अंकात काय आहे, वर्गणी किती, पत्ता काय. परीक्षण लिहायला माणूस नसेल तर नको, नुसती यादी चालेल. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वरच्या वार्ताहरांनाही सांगून ठेवा, की तिकडे कुणी पुस्तक काढलं तर त्याची नोंद पाठवायची.

पत्र फार लांबलं. जागेअभावी कापायचंच असेल तर दुकानातल्या चिठ्ठीचा मजकूर काढून टाकला तरी चालेल. ३०५ आणि ८९१.४६ चा परिच्छेद मात्र जसाच्या तसा ठेवा, ग्रंथपाल मंडळी आपलं वर्तमानपत्र वाचतात.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
सिडको, नाशिक
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये.)